अण्णाभाऊंचा मुखत्यार कोण होता?

१ ऑगस्ट आला की आमच्या रेणापुरात लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या प्रतिमेला हार घातले जातात, मिरवणूक निघते, भाषणे होतात. आम्हीही अनेक वर्षे ही भाषणे केली. दीड दिवसाची शाळा, वाटेगाव ते मुंबई पायी प्रवास, फकिरा, रशिया. ठरलेल्या चार गोष्टी सांगायच्या, टाळ्या घ्यायच्या आणि घरी यायचे. यंदा मात्र जयंतीच्या आठ दिवस आधी तालुक्यातला एक तरुण आमच्याकडे एक कागद घेऊन आला आणि अण्णाभाऊंचे चरित्र आम्हाला पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागले.

हा तरुण भीमगीते गातो. आवाज पहाडी आहे. मुंबईच्या एका एजन्सीने त्याला मालिकेत आणि अल्बममध्ये काम मिळवून देण्याचे कबूल केले. नोंदणीची फी म्हणून पंचवीस हजार रुपये आधीच घेतले. घरच्यांनी सोयाबीनच्या पट्टीतून ते भरले. करारात लिहिले होते की, त्याने गायिलेले प्रत्येक गाणे कायमचे एजन्सीच्या मालकीचे राहील. पोराने सही करून टाकली होती. सहा महिने झाले, काम नाही आणि फोनही कोणी उचलत नाही. न वाचता सही का केली, असे आम्ही विचारले. मुंबईत आपल्या वतीने बोलणारे कोणीतरी हवे होते, एवढेच त्याने सांगितले.

आपल्या वतीने बोलणारा कोणीतरी हवा, ही गरज खोटी नाही. ती अण्णाभाऊंनाही होती. त्यांच्या वतीने कोण बोलले, हा प्रश्न मनात ठेवून त्यांचे आयुष्य पाहिले की वेगळेच चित्र दिसू लागते.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. ज्या समाजावर ब्रिटिश सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्या समाजातला हा जन्म. त्याच वर्षी, ३१ जानेवारीला, बाबासाहेबांनी मूकनायक सुरू केले होते. मुक्यांचा नायक कोण, या प्रश्नाला बाबासाहेबांनी स्वतःचे वृत्तपत्र काढून उत्तर दिले. वाटेगावच्या त्या मुलाच्या वाट्याला मात्र शाळाही दीड दिवसाचीच आली.

वडिलांचे बोट धरून हा मुलगा पायी मुंबईला पोहोचला. हमाली केली, पडेल ते काम केले, गिरणीत राबला. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या पोस्टरवरून. हे पोस्टर वाचकांनी लक्षात ठेवावे. ज्या पोस्टरवरून अण्णाभाऊ वाचायला शिकले, त्याच प्रकारच्या पोस्टरवर पुढे त्यांच्या कथा झळकल्या.

कामगार चळवळीत ते शिरले आणि त्यांच्यातला शाहीर जागा झाला. स्टॅलिनग्राडचा पोवाडा त्यांनी लिहिला. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे राहिले. ज्या तमाशाला सभ्य समाज नाके मुरडत होता, त्याच तमाशाच्या साच्यातून अण्णाभाऊंनी लोकनाट्य घडविले आणि सावकार, शेठजी व निवडणुकीतले दलाल यांना भर मैदानात उभे केले. सरकारला ते सोसले नाही. कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची माझी मैना ही लावणी गावोगाव घुमली. सभांना गर्दी खेचणारा हा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहत होता.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. पुढच्याच वर्षी फकिरा प्रसिद्ध झाली. अर्पण केली ती बाबासाहेबांच्या लेखणीला. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्याच वर्षी त्यांच्या वैजयंता कादंबरीवर चित्रपट आला. ही कादंबरी तमाशातल्या कलावंत स्त्रीची आहे. ज्याची कला त्याच्या हाती पैसा का लागत नाही, हे अण्णाभाऊंना कोणी शिकवायला नको होते.

नंतर फकिरा पडद्यावर आला. आवडी, माकडीचा माळ, चिखलातील कमळ, वारणेचा वाघ, अलगूज, एकामागून एक कादंबऱ्यांचे चित्रपट झाले. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे अशी संपदा या लेखकाच्या नावावर आहे. एवढ्या मालमत्तेचा धनी आयुष्यभर चुलीच्या काळजीत राहिला. हातातोंडाची गाठ पडत नव्हती म्हणून हस्तलिखिते मिळेल त्या किमतीला द्यावी लागली, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांचे निधन झाले. एकोणपन्नास वर्षे पूर्ण व्हायला चौदा दिवस कमी होते. १ ऑगस्ट २००२ रोजी त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. हा सन्मान उशिरा का होईना झाला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण जिवंत माणसाला हिशेब मिळाला नाही, त्याचे काय?

अण्णाभाऊंच्या वतीने बोलणारे कमी नव्हते. पक्ष त्यांच्या नावाने सभा भरवीत होता, प्रकाशक त्यांच्या नावाने पुस्तके विकत होते, निर्माते त्यांच्या कथांवर तिकिटे खपवीत होते. परंतु कराराचा कागद समोर आला, तेव्हा टेबलाच्या अलीकडे अण्णाभाऊंच्या बाजूने बसलेला, त्यांनाच जबाबदार असलेला एकही माणूस नव्हता. मुखत्यार नव्हता. आणि कायदा नव्हता असे म्हणण्याचीही सोय नाही. कॉपीराइटचा नवा कायदा जानेवारी १९५८ पासून अमलात आला होता. म्हणजे फकिरा छापून आली तेव्हा कायदा हजर होता, वकील गैरहजर होता. आम्ही काळा कोट घालतो, म्हणून हे वाक्य आम्हाला टोचते.

आता त्या तरुणाच्या कागदाकडे येऊ. आज टॅलेंट एजन्सी, मॅनेजर, कास्टिंग अशी चकचकीत नावे आहेत. कायद्याच्या भाषेत हा अभिकर्ता, म्हणजे एजंट. १८७२ च्या करार कायद्यात त्याची कर्तव्ये लिहिली आहेत. त्याने मालकाच्या सूचनेप्रमाणे वागायचे, मागेल तेव्हा हिशेब द्यायचा आणि मालकाला अंधारात ठेवून त्याच्या कामात स्वतःचा व्यवहार घुसडायचा नाही. इथे मालक म्हणजे कलावंत. आमच्या पोरांच्या डोक्यात मात्र उलटेच बसले आहे. त्यांना एजन्सी मालक वाटते आणि आपण चाकर.

खऱ्या आणि खोट्या एजंटाची पारख अवघड नाही. खरा एजंट काम मिळवून देतो आणि मिळालेल्या मानधनातून ठरलेले टक्के कापून घेतो. तुम्ही कमावले तरच तो कमावतो. खोटा एजंट नोंदणी, फोटो, प्रशिक्षण अशा नावांखाली आधीच पैसे मागतो. त्याची कमाई सहीच्या दिवशीच पूर्ण होते, मग तो तुमच्यासाठी कशाला धावेल? प्रतिनिधीचे पोट ज्याच्यावर अवलंबून, त्याचाच तो प्रतिनिधी. १९३२ च्या पुणे कराराने हा धडा आपल्या समाजाला दिला आहे. जागा आपल्या नावाची असली तरी निवडून देणारा दुसरा असेल, तर निवडून आलेला माणूस कोणाचे ऐकतो, हे सांगायला नको. राजकारणातले हे शहाणपण आम्ही कलेच्या बाजारात वापरले नाही.

कॉपीराइट कायदाही कलावंताच्या बाजूने बरेच बोलतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही केलेला कागद लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या गीताचा आणि संगीताचा चित्रपटगृहाबाहेर जो वापर होतो, त्याच्या रॉयल्टीतला आपला वाटा लेखकाला आणि संगीतकाराला सोडून देताच येत नाही. निर्मात्याने तसे लिहून घेतले तरी ते टिकत नाही. कायमचे, सर्व हक्क, सर्व माध्यमे हे शब्द दिसले की सहीचा हात थांबलाच पाहिजे. लेखकाचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतात. या हिशेबाने अण्णाभाऊंच्या साहित्यावरील कॉपीराइट २०२९ अखेरपर्यंत जिवंत आहे. माणूस जाऊन अर्धे शतक उलटले, तरी त्याची मालमत्ता कायद्याच्या दृष्टीने अजून शाबूत आहे. एवढी मोठी वस्तू आमची पोरे एका सहीत देऊन टाकतात.

दोष केवळ पोरांचा नाही. बाबासाहेबांच्या पुण्याईने आमच्यासारखे शेकडो वकील झाले. आम्ही अत्याचाराचे खटले लढलो, गायरानाची प्रकरणे चालविली. ते करायलाच हवे होते. पण ज्या गायन पार्ट्यांनी रात्र रात्र जागून ही चळवळ वाडीवस्तीवर नेली, त्यांच्या कागदावर आम्ही कधी नजर टाकली नाही. त्यांना बिदागी दिली, शाल दिली, सल्ला दिला नाही.

त्या तरुणाच्या वतीने एजन्सीला नोटीस गेली आहे. पैसे परत मिळतील की नाही, हे आज सांगता येणार नाही. परंतु यंदाच्या जयंतीला आम्ही भाषण करणार नाही. मंडपाच्या कडेला टेबल मांडून बसू. ज्या गायकाकडे, वादकाकडे, लेखकाकडे करार असेल, त्याने तो घेऊन यावा, आम्ही फुकट वाचून देऊ. प्रत्येक तालुक्यातील वकील बांधवांनी आठवड्यातला एक दिवस असा काढावा, ही विनंती आहे. अण्णाभाऊंना जो मुखत्यार मिळाला नाही, तो त्यांच्या लेकरांना तरी मिळाला पाहिजे.