वॉल्टर डँडी : मेंदूतल्या पाण्याची अडलेली वाट शोधणारा सर्जन

जालना जिल्ह्यात प्रॅक्टिस करताना एक प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये 'हायड्रोसेफॅलस' लिहिलेलं असतं आणि नातेवाईक म्हणतात, डोक्यात पाणी झालंय तर कमरेतून सुईने काढून टाका, ऑपरेशन कशाला? ज्या माणसाच्या कामातून याचं उत्तर मिळालं, त्याची ही ओळख.

वॉल्टर डँडी यांचा जन्म 1886 साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या सेडेलिया गावात झाला. वडील इंग्लंडहून आलेले, रेल्वेत नोकरीला. 1910 मध्ये डँडी जॉन्स हॉपकिन्स इथून डॉक्टर झाले आणि हार्वे कुशिंग या नामवंत मेंदू-सर्जनच्या हाताखाली लागले. दोघांचं पटलं नाही. 1912 मध्ये कुशिंग बॉस्टनला गेले, पण डँडींना सोबत नेलं नाही. डँडी बाल्टिमोरलाच राहिले आणि आयुष्यभर तिथेच काम केलं.

मेंदूतलं पाणी कुठे तयार होतं आणि कुठे जातं, हे तेव्हा नीट माहीत नव्हतं. डँडी आणि बालरोगतज्ज्ञ केनेथ ब्लॅकफॅन यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. मेंदूतल्या एका अरुंद नळीत बोळा बसवताच वरच्या पोकळ्या फुगल्या. म्हणजे पाणी आतल्या पोकळ्यांत तयार होतं, या नळीतून बाहेर येतं आणि मेंदूभोवती शोषलं जातं. मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं. वाट अडली की दाब वाढतो. अशा वेळी कमरेतून पाणी काढलं तर मेंदू खाली ओढला जाऊन जीव जाऊ शकतो. म्हणूनच आधी स्कॅन करतात.

तेव्हा स्कॅन नव्हता. 1918 मध्ये डँडींनी मेंदूच्या पोकळीत हवा भरून एक्स-रे काढायची पद्धत शोधली. तपासणी त्रासदायक होती, पण अडथळा कुठे आहे हे प्रथमच जिवंत रुग्णात दिसू लागलं.

उपचार मात्र सहज सापडला नाही. पाणी तयार करणारा भागच काढून टाकण्याच्या त्यांच्या सुरुवातीच्या ऑपरेशनांत बहुतेक बाळं दगावली. 1922 मध्ये त्यांनी पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला नवी वाट करून दिली, पण त्यासाठी एका डोळ्याची नस कापावी लागे. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या विल्यम मिक्स्टर यांनी मूत्रमार्ग तपासायच्या दुर्बिणीने असंच छिद्र पाडलं. 1950 नंतर शंटच्या नळ्या आल्या आणि छिद्राची पद्धत मागे पडली. चांगल्या दुर्बिणी आल्यावर ती परतली. आज तिला ईटीव्ही म्हणतात.

डँडी तापट आणि शिस्तीचे कडक होते. ऑपरेशननंतरच्या रुग्णांवर सतत लक्ष ठेवण्यासाठी त्यांनी वेगळ्या खाटा ठेवल्या होत्या. आजच्या आयसीयूची ती एक सुरुवात मानली जाते. 1946 मध्ये हृदयविकाराने साठाव्या वर्षी ते गेले.

आता आपल्या कामाचं. सकाळी जास्त होणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक किंवा दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गुंगी ही लक्षणं मोठ्या माणसातही अंगावर काढू नका. गाठ, टीबीचा मेंदूज्वर, मेंदूतला जंताचा फोड किंवा नळी अरुंद असणं, अशी कारणं यामागे असू शकतात. ईटीव्ही करायची की शंट बसवायचा, हे अडथळा कुठे व कशामुळे आहे ते पाहून न्यूरोसर्जन ठरवतात. एक मात्र लक्षात ठेवा : छिद्र काही वर्षांनीही बुजू शकतं आणि शंट तुंबू शकतो. जुनी लक्षणं परत आली, तर रिपोर्टची फाइल घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. गुंगी वाढत असेल तर रात्रीसुद्धा थांबू नका.