लहान दिसतो म्हणून परत पाठवलेला मुलगा

धोंडो केशव कर्वे शिकले ते मुलांच्या शाळेत. त्यांना ‘भारतरत्न’ मिळालं ते मात्र त्या शाळेत जे नव्हतं, त्यासाठी!

गोष्ट १८७५ सालची. कोकणातल्या मुरूड गावचा एक मुलगा परीक्षा द्यायला निघाला. हे मुरूड म्हणजे जंजिऱ्याजवळचं नव्हे, दापोली तालुक्यातलं. परीक्षेचं केंद्र होतं साताऱ्याला. एसटी नव्हती, रेल्वे तर कोकणात पुढची शंभर वर्षं यायची नव्हती. मग काय? सोबत्यांबरोबर तो पायीच निघाला. वाटेत कुंभार्ली घाट, डोंगर, जंगल. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. सालेकसाहून नागपूर जेवढं लांब, जवळपास तेवढंच. तेवढं अंतर चालत जायचं आणि वर पेपर द्यायचा!

मुलगा साताऱ्याला पोचला. परीक्षेला बसायला वयाची सतरा वर्षं पूर्ण असावी लागत. त्याची झाली होती, दाखलाही जवळ होता. पण अंगकाठी किरकोळ आणि चेहरा कोवळा. समितीला तो सतरा वर्षांचा वाटलाच नाही. दाखला मान्य झाला नाही आणि त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. आजच्या भाषेत सांगायचं, तर डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनमध्येच रिजेक्ट. आल्या पावली परत.

भरतीचा फॉर्म भरून, पहाटेची गाडी पकडून गोंदिया-नागपूर गाठणाऱ्या आणि काहीतरी कागद कमी पडला म्हणून हात हलवत परतणाऱ्या कुणालाही त्या परतीच्या वाटेचा अंदाज येईल. त्या मुलाने एवढंच केलं, की पुढच्या वर्षी कोल्हापूर गाठलं, तीच परीक्षा दिली आणि पास झाला.

त्या मुलाचं नाव धोंडो केशव कर्वे. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना अण्णा किंवा महर्षी कर्वे म्हणू लागला.

तेविसाव्या वर्षी मॅट्रिक

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवली इथला. बालपण मुरूडमध्ये गेलं. घरची परिस्थिती बेताची. त्यामुळे शिक्षण सरळ रेषेत झालंच नाही. मध्ये खंड पडले, आजारपणं आली. शेवटी मुंबई गाठून ते रॉबर्ट मनी स्कूलमध्ये शिकले आणि १८८१ मध्ये मॅट्रिक झाले. तेव्हा त्यांचं वय होतं तेवीस. ज्या वयात आपल्याकडे पोरं पदवी घेऊन ‘आता पुढे काय’ म्हणून डोकं धरून बसतात, त्या वयात हा माणूस मॅट्रिक होत होता. लग्न तर कधीच झालं होतं आणि शिकवण्या करून पोट भरणं चालू होतं. एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी. ए. झाले १८८४ मध्ये, सव्विसाव्या वर्षी. गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्या बरोबरीचे.

आता जरा थांबून एक गोष्ट बघू. त्या काळी शाळेला कुणी ‘मुलांची शाळा’ असं मुद्दाम म्हणायचं नाही. शाळा म्हणजे मुलांचीच! जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये, म्हणजे कर्व्यांच्या जन्माच्या दहा वर्षं आधी. पण गावोगावी चित्र तेच होतं. भाऊ पाटी घेऊन बाहेर पडायचा, बहीण घरी. आठ-नऊ वर्षांची झाली की लग्न. नवरा गेला तर उरलेला जन्म एका खोलीत, केस काढून, एकवेळ जेवून. ब्राह्मण घरांत तर ही रीतच होती. बाकावर शेजारी कोण नाही, हा प्रश्न शाळेतल्या मुलाला सहसा पडत नाही. कर्व्यांनाही तो शाळेत पडला होता असं नाही. पण पुढे तो पडला आणि मग त्यांनी तो कधी सोडला नाही.

गावाने दार लावलं

१८९१ हे त्यांच्या आयुष्यातलं वळणाचं वर्ष. त्या वर्षी पत्नी राधाबाई गेल्या. मुलगा रघुनाथ लहान होता. (हेच पुढे संततिनियमनाचं काम करणारे र. धों. कर्वे.) त्याच वर्षी गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. पगाराची नोकरी, मानाची जागा. नातेवाईक दुसऱ्या लग्नाचं बोलू लागले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पस्तिशीच्या विधुराला दहा-बारा वर्षांची नवरी सहज मिळाली असती.

कर्व्यांनी ठरवलं, की लग्न करीन तर विधवेशीच. त्यांचे मुंबईतले मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ ला पुण्यात दोघांचं लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया कर्वे म्हणत.

बातमी मुरूडला पोचली आणि गाव भडकलं. गंमत बघा. याच गावासाठी कर्व्यांनी मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांकडून वर्गणी जमवून ‘मुरूड फंड’ उभा केला होता. आता त्याच गावाने सभा भरवून ठरवलं, की कर्व्यांशी कुणी संबंध ठेवायचा नाही. ते घरी राहिले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं. आई म्हातारी, भाऊ संसारी. एका माणसाच्या निर्णयाची शिक्षा अख्ख्या घराला.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आपल्या भागात वेगळं समजावून सांगायला नको. जातपंचायतीच्या बातम्या अजूनही अधूनमधून वाचायला मिळतात. कर्वे यावर भांडले नाहीत, गावाला शिव्याही दिल्या नाहीत. पुण्यात राहिले आणि कामाला लागले.

हिंगण्याची वाट

सुरुवातीला त्यांनी विधवाविवाहाला प्रोत्साहन देणारी मंडळी काढली. पण लवकरच त्यांच्या ध्यानात आलं, की नुसती लग्नं लावून भागणार नाही. बाई स्वतःच्या पायावर उभी राहिली तरच काही बदलेल. त्यासाठी शिक्षण हवं. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. भांडवल काय? स्वतःची हजार रुपयांची शिल्लक. तीही त्यांनी संस्थेला देऊन टाकली.

मग पुण्यात प्लेग आला. १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर हलवला. जागा दान मिळालेली, वर एक झोपडी. वीज नाही, रस्ता नाही, आजूबाजूला वस्ती नाही. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि संध्याकाळी सामानसुमान घेऊन हिंगण्याला चालत जायचं. पावसाळ्यात चिखल तुडवत जायचं. लहानपणी साताऱ्याला चालत गेलेले पाय इथे कामी आले.

पुण्यात स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायला गेलेला तुमचा एखादा सिनियर कर्वेनगरमध्ये रूम करून राहत असेल, तर त्याला सांगा, की ते हिंगणं म्हणजेच आजचं कर्वेनगर. आज तिथे चहाच्या टपऱ्या, मेस आणि अभ्यासिका आहेत. तेव्हा तिथे होती एक झोपडी आणि लोक ज्यांचं तोंड बघणं अशुभ मानत अशा काही मुली.

हे काम एकट्या अण्णांचं नव्हतं, हेही सांगायलाच हवं. बाया कर्व्यांची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्या आश्रमात आल्या, शिकल्या, तिथल्या आधारस्तंभ झाल्या आणि वर्गणीसाठी गावोगावच काय, थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. इकडे घरातलं सगळं बायांनी सांभाळलं. नवऱ्याने कमाई संस्थेत घातली की घर कसं चालतं, हे त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात वाचायला मिळतं. मोठ्या माणसाच्या मोठेपणाचा खर्च घरातलं कुणीतरी भरत असतं. इथे तो बायांनी भरला.

एक उणीवही प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. आश्रमाची दारं सुरुवातीला वरच्या जातींतल्या विधवांसाठीच उघडी होती. फुल्यांनी पन्नास वर्षं आधी जी हिंमत केली होती, ती कर्व्यांच्या आश्रमाने तेव्हा केली नाही. समाज जेवढं सोसेल तेवढंच एका वेळी, असा त्यांचा स्वभाव. यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. त्यांचं पुढचं आयुष्य बघितलं, तर हे अंतर कापायला त्यांना बराच वेळ लागला, पण ते चालत राहिले असं दिसतं.

पाच विद्यार्थिनींचं विद्यापीठ

वयाच्या साठीकडे झुकताना लोक निवृत्तीचा विचार करतात. कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि त्यांना विद्यापीठ सुचलं! जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. डोक्यात चक्र सुरू झालं. १९१६ मध्ये भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ पुण्यात सुरू झालं. कॉलेजमध्ये विद्यार्थिनी किती? फक्त पाच.

शिकवण्याचं माध्यम मातृभाषा आणि इंग्रजी एक विषय म्हणून. पदवीला सरकारची मान्यता नाही. म्हणजे जिने प्रवेश घेतला, तिने नोकरीची हमी बघून घेतलेलाच नव्हता. हसणारे हसले. कर्वे पावतीपुस्तक घेऊन फिरत राहिले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे आज आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते. कायद्याने पूर्ण मान्यता मिळायला मात्र १९५१ साल उजाडलं. पस्तीस वर्षं!

मधल्या काळात हे गृहस्थ काय करत होते? १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनला भेटले. सगळीकडे विद्यापीठाची माहिती सांगायची आणि जमेल तो निधी गोळा करायचा. पुढे आफ्रिकेतही जाऊन आले.

१९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे शाळा उघडायच्या, हा उद्देश. दरेकसाच्या डोंगराकडच्या एखाद्या टोल्यावरून शाळेसाठी रोज चालत आलेल्या कुणालाही या मंडळाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आणि १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी जातिभेद मोडायला समता संघ सुरू केला. आश्रमाच्या दारात जे राहून गेलं होतं, त्याकडे ते असे उशिरा का होईना, पण वळले.

शंभराव्या वर्षी

सन्मान आले, पण सगळे उताराला. १९४२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाने डॉक्टरेट दिली. १९५५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १९५७ मध्ये मुंबई विद्यापीठाने डॉक्टरेट दिली आणि १९५८ मध्ये भारतरत्न. त्या वर्षी ते शंभर वर्षांचे झाले. मुंबईतल्या शताब्दी समारंभाला पंतप्रधान नेहरू आले होते. पोस्टाने त्यांच्यावर तिकीट काढलं, तेही ते हयात असताना. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशेचार वर्षांचे होऊन, ते गेले.

योगायोग असा, की पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, भारतरत्न पुन्हा दापोलीकडे आलं. धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिणारे पांडुरंग वामन काणे यांना ते मिळालं. काण्यांचं शालेय शिक्षण दापोलीच्या मिशन शाळेत झालं होतं. कोकणातल्या एका आडबाजूच्या तालुक्यात वाढलेल्या दोन पोरांना देशाचा सर्वोच्च सन्मान. तालुका लहान आहे, गाडी मोजकी आहे, कॉलेजमध्ये सोयी नाहीत, हे सगळं खरं असतं. तेव्हा तिथेही खरंच होतं.

कर्व्यांच्या बाबतीत हिशेब असा लागतो. लग्न १८९३ चं, भारतरत्न १९५८ चं. गावाने वाळीत टाकल्यापासून देशाने डोक्यावर घेईपर्यंत पासष्ट वर्षं गेली. या पासष्ट वर्षांत पुरस्कार कधी मिळेल याची वाट बघत ते बसले असते, तर हिंगण्याची झोपडीही उभी राहिली नसती.

आज तुमच्या वर्गात मुली बसतात. काही कॉलेजांत तर त्या मुलांपेक्षा जास्त असतात आणि निकालात पुढेही असतात. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. उद्या लेक्चरला बसाल तेव्हा सहज शेजारच्या बाकाकडे बघा. मुरूडच्या त्या मुलाच्या शाळेत तो बाक नव्हता.