लाटेचा हिशेब

पावसाळ्यात आमची आजी आम्हा पोरांना नदीच्या पात्रात उतरू देत नसे. अचलपुरावर लख्ख ऊन असले तरी वर मेळघाटात पाऊस कोसळला, की सापन आणि बिच्छन या नद्यांना अचानक लोंढा येतो. पाणी हळूहळू न चढता भिंतीसारखे अंगावर येते. ते असे का येते, हे मला बँकेतून निवृत्त झाल्यावर कळले. ज्यांच्यामुळे कळले त्यांनी वऱ्हाड कधी पाहिलेही नव्हते.

बर्नहार्ड रीमान यांचा जन्म १८२६ साली जर्मनीतील हॅनोव्हर राज्यात, खेड्यातल्या एका गरीब पाद्र्याच्या घरी झाला. स्वभाव कमालीचा भिडस्त, प्रकृती तोळामासा. १८४६ साली आई गेली, १८५५ साली वडील. १८५७ साली भाऊ वारला आणि बहिणींचा भार यांच्यावर आला. १८५९ साली ते गॉटिंगेनला प्राध्यापक झाले, तेव्हा कुठे घराला स्थैर्य लाभले.

पुढच्याच वर्षी त्यांनी हवेतील लाटांवर निबंध लिहिला. लाटेतला दाट हवेचा भाग विरळ भागापेक्षा वेगाने धावतो. मागचा पुढच्याला गाठू लागला, की लाटेचा उतार उभा होत जातो आणि शेवटी तिची भिंत बनते. पुराचेही तेच. मागचे खोल पाणी पुढच्या उथळ पाण्याला गाठते.

या निबंधात एक चूक राहिली. भिंतीपाशी गतीची काही ऊर्जा उष्णतेत बदलते, ती नोंद रीमान यांच्या खात्यात नव्हती. त्यामुळे ऊर्जेचा जमाखर्च जुळेना. पुढे स्कॉटलंडचे रँकिन आणि फ्रान्सचे ह्यूगोनियो यांनी तो जुळवला. रुपया-आठ आण्यांच्या फरकासाठी रात्री जागवलेल्या मला ही चूक फार जवळची वाटते. खातेवही आखणाऱ्याचे मोल एका राहून गेलेल्या नोंदीने कमी होत नाही.

ती दुरुस्ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८६२ साली लग्न झाले आणि त्याच वर्षी छातीच्या दुखण्याने त्यांना गाठले. इटलीच्या उबदार हवेत काही काळ काढला, तिथेच मुलगी झाली. अखेर २० जुलै १८६६ रोजी मॅजिओरे सरोवराकाठी क्षयाने त्यांना नेले. वय अवघे ३९.

धरण फुटले तर लोंढा कोणत्या गावाला किती वेळात गाठेल, हे संगणकावर काढताना अभियंते आजही रीमान यांच्या नावाचे गणित सोडवतात. आजीला हे नाव ठाऊक नव्हते. पण पोरे वेळेत काठावर आली पाहिजेत, हे तिला पक्के ठाऊक होते.