औषधे घडविणारे आचार्य

इसवी सन १८९२ च्या सुमाराची गोष्ट. कलकत्त्यातील अप्पर सर्क्युलर रोडवरील एका घराच्या गच्चीवर जनावरांच्या हाडांचे ढीग वाळत घातलेले होते. खाटिकांकडून पोत्यांनी आणविलेली ती हाडे! अशातच पावसाची झड लागली. हाडांना चिकटलेले मांस कुजू लागले, कावळ्यांचे थवे गच्चीवर उतरले आणि सर्वत्र दुर्गंधी पसरली. शेजारी संतापले. आरोग्याधिकाऱ्याकडे तक्रार करण्याची धमकी त्यांनी घरमालकाला दिली.

ही हाडे आणविणारा गृहस्थ कोणी व्यापारी नव्हता. प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकविणारा, एडिंबरो विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविलेला तो एक विद्वान प्राध्यापक होता. त्यांचे नाव प्रफुल्लचंद्र राय. अशा पंडिताने हाडांचा हा खटाटोप कशासाठी मांडला असेल?

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी, आज बांगलादेशात असलेल्या राडुली या गावी झाला. मुलांना उत्तम शिक्षण मिळावे म्हणून त्यांचे वडील हरिश्चंद्र कलकत्त्यास येऊन राहिले. परंतु शाळेत असतानाच प्रफुल्लचंद्रांना आमांशाने गाठले आणि त्यांची शाळा सुटली. प्रकृती कायमची नाजूक झाली. अभ्यास मात्र थांबला नाही. वडिलांच्या ग्रंथसंग्रहातील पुस्तके हीच त्या काळात त्यांची शाळा झाली. इतिहास, चरित्रे आणि भाषा यांची गोडी त्यांना तेथेच लागली.

पुढे महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्रयोग पाहून त्यांचे मन त्या विषयात रमले. विलायतेस जाऊन हे शास्त्र शिकावे, अशी त्यांना तीव्र इच्छा होती. पण वडील कर्जात बुडाले होते. तेव्हा त्यांनी गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी गुपचूप आरंभिली. या परीक्षेसाठी अनेक भाषा याव्या लागत. १८८२ साली ही शिष्यवृत्ती दोघा भारतीयांना मिळाली. एक होते मुंबईचे बहादुरजी नावाचे पारशी तरुण आणि दुसरे प्रफुल्लचंद्र.

एडिंबरो येथे प्राध्यापक क्रम ब्राऊन यांच्या हाताखाली प्रफुल्लचंद्रांनी रसायनशास्त्राचा कसून अभ्यास केला. तेथील कडाक्याची थंडी आणि स्वतःची नाजूक प्रकृती यांना न जुमानता ते प्रयोगशाळेत तासन् तास काम करीत. १८८५ मध्ये ते पदवीधर झाले आणि १८८७ मध्ये त्यांना डॉक्टर ही सर्वोच्च पदवी मिळाली. १८८८ साली ते मायदेशी परतले.

येथे मात्र त्यांच्या विद्वत्तेची कदर झाली नाही. शिक्षणखात्यातील वरच्या जागा त्या काळी बहुधा इंग्रजांसाठी राखलेल्या असत. जवळजवळ एक वर्ष त्यांना कामावाचून काढावे लागले. अखेर १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर त्यांची तात्पुरती नेमणूक झाली. ते शिकवू लागले, पण एक विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. भारतात वनस्पती आहेत, खनिजे आहेत, बुद्धिमान तरुण आहेत. तरीही रोग्याला लागणारे साधे औषधसुद्धा आगबोटीने परदेशातून यावे, हे कसे? विद्यापीठातून बाहेर पडणारा तरुण केवळ कारकुनीच्या शोधात हिंडणार असेल, तर त्या विद्येचा देशाला काय उपयोग?

अवघे सातशे रुपयांच्या आसपास भांडवल घेऊन १८९२ साली त्यांनी आपल्या राहत्या घरातच औषधे बनविण्यास प्रारंभ केला. ‘बेंगॉल केमिकल’ या उद्योगाचा हा उगम होय. ती हाडे याच कामासाठी होती. हाडे जाळली म्हणजे जी पांढरी राख उरते, तिच्यात कॅल्शियमचे फॉस्फेट असते. त्या राखेवर गंधकाम्लाची व नंतर सोड्याची क्रिया घडवून औषधी क्षार तयार करता येतो. शेजाऱ्यांचा रोष ओढवल्यावर ती हाडे माणिकतला येथील मोकळ्या जागेत नेऊन रात्री भट्टीत जाळण्यात आली. ज्वाळा पाहून पोलीस धावत आले. खून करून कोणी प्रेत तर जाळीत नाही ना, अशी त्यांना शंका आली होती! राख हाडांची असली तरी ती आता केवळ एक रासायनिक द्रव्य आहे, हे पटविण्यासाठी प्रफुल्लचंद्र वर्गात ती चिमूटभर राख स्वतःच्या तोंडात टाकून दाखवीत.

प्रयोगशाळेतील यश आणि कारखान्यातील यश यांत केवढे अंतर असते, हे त्यांना पावलोपावली कळत गेले. काचेच्या नळीत एखादा पदार्थ चमचाभर तयार झाला म्हणजे विद्यार्थ्याचे काम होते. कारखान्यात तोच पदार्थ मणांनी बनवावा लागतो. प्रत्येक वेळी तो सारखाच शुद्ध उतरावा लागतो आणि त्याची किंमतही परवडावी लागते. लिंबाच्या रसापासून सायट्रिक आम्ल काढण्याचा त्यांचा प्रयत्न शास्त्राच्या दृष्टीने बरोबर होता, पण व्यवहारात तो परवडला नाही. ही दुसरी विद्या कोणत्याही व्याख्यानात मिळाली नव्हती. कॉलेजातून परतल्यावर रोज सायंकाळी भट्टी, कढया आणि हिशेबाच्या वह्या यांच्या सहवासात ते ती शिकले.

देशी औषधे घेण्यास दुकानदार कचरत. अशा वेळी डॉक्टर अमूल्यचरण बोस हे मित्र त्यांच्या साहाय्यास आले. अडुळसा, कुडा, ओवा यांसारख्या आपल्या परिचित वनस्पतींपासून शास्त्रशुद्ध औषधे तयार होऊ लागली आणि डॉक्टर मंडळी ती वापरू लागली. पण नशिबाने कठोर परीक्षा पाहिली. सतीशचंद्र सिंह या तरुण सहकाऱ्याचा प्रयोगशाळेत विषबाधेने मृत्यू झाला आणि १८९८ साली अमूल्यचरणांना प्लेगने ओढून नेले. दोन्ही आधार तुटले, तरी प्रफुल्लचंद्रांनी काम टाकले नाही. १९०१ मध्ये त्या उद्योगाचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले आणि पुढे शेकडो माणसांना तेथे काम मिळाले.

या उद्योगाचा पैसा त्यांनी स्वतःच्या सुखासाठी वापरला नाही. त्या सुमारास नामदार गोखले कलकत्त्यास त्यांच्या शेजारीच राहत असत. त्यांनीच गांधीजींशी प्रफुल्लचंद्रांची ओळख करून दिली. दरमहा ८०० रुपये वेतनापैकी अवघे ४० रुपये स्वतःसाठी ठेवून उरलेले लोककार्यास देणारा प्राध्यापक, अशी ती ओळख होती. १९१६ पासून ते कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात शिकवू लागले. वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी आपले वेतनही विद्यापीठालाच अर्पण केले. ते अविवाहित होते. विज्ञान महाविद्यालयातील एका साध्या खोलीत, विद्यार्थ्यांच्या सहवासात त्यांनी अखेरची वर्षे घालविली आणि १६ जून १९४४ रोजी तेथेच देह ठेवला.

प्रफुल्लचंद्र विद्यार्थी होते तेव्हा औषधनिर्मितीची विद्या शिकविणारे एकही विद्यापीठ भारतात नव्हते. १९३२ साली काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. १९३३ साली मुंबई विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग उघडला. आज हजारो विद्यार्थी औषधांच्या कारखान्यांतील यंत्रे आणि क्रिया यांचे पद्धतशीर शिक्षण घेतात. जे त्यांना वर्गात बसून शिकता येते, ते शिकण्यासाठी एका कृश प्रकृतीच्या प्राध्यापकाने आपल्या घराची गच्ची, आपला पैसा आणि आपल्या आयुष्यातील असंख्य सायंकाळी खर्ची घातल्या होत्या.