रानडे वाड्यातली दुपारची शाळा

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ च्या जानेवारीत गेले, तेव्हा रमाबाई एकोणचाळिशीला टेकल्या होत्या. मूलबाळ नाही, वाडा मोठा, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे विधवेने त्याच वाड्यात उरलेले आयुष्य देवदेव करीत काढायचे. सुरुवातीला त्यांनीही बाहेरचा संबंध जवळजवळ तोडलाच होता. पुढे त्या येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटू लागल्या, आणि वाड्याबाहेरचे जग त्यांना पुन्हा खुणावू लागले.

शिकण्याची अडचण काय असते, हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होते. सातारकडच्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ही मुलगी १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, अक्षरओळख नसताना रानड्यांच्या घरात आली. पतीने शिकवायला घेतले. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचेना. इंग्रजी शिकणाऱ्या सुनेशी अबोला, टोमणे, सोवळ्याचे अडसर हे सारे तिने सोसले. पाटी-पुस्तक मिळाले तरी शिकायला वेळ, जागा आणि घरच्यांची संमती लागते, हा धडा त्यांनी सासरीच गिरवला.

म्हणूनच १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले, तेव्हा इमारतीसाठी निधी जमेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. स्वतःच्या वाड्यातच वर्ग भरवले. वेळ ठेवली दुपारची, कारण स्वयंपाक आवरल्यावर बाईच्या हाती तेवढेच तास लागतात. जागाही नेमकी साधली. न्यायमूर्तींच्या वाड्यात जाते म्हटल्यावर सासऱ्याला नाही म्हणणे अवघड! वयाची अट नाही. बहुतेक वर्गांना पदवीचा हेतूही नाही. लिहिणे-वाचणे, शिवण, भरतकाम, प्रथमोपचार, म्हणजे घरी परतल्यावर उपयोगी पडेल किंवा दोन पैसे मिळवून देईल, असे ते शिक्षण होते.

खरी कसोटी लागली परिचारिकांच्या शिक्षणात. ससून रुग्णालयात परक्या रोग्यांची शुश्रूषा करायची, रात्रपाळी करायची. पांढरपेशा घरांना ते हलके काम वाटे. रमाबाईंनी नुसता उपदेश केला नाही, तर राहण्याजेवण्याची सोय असलेले वसतिगृह उभे केले. रात्रपाळीहून परतणाऱ्या तरुण विधवेला बंद होणारे, सुरक्षित दार मिळाले, तेव्हा कुठे तिचे शिक्षण पुरे होऊ शकले.

मी हे जाफराबादेत बसून लिहितो आहे. पूर्णा आणि खेळणा या नद्यांकाठचे आमचे हे तालुक्याचे गाव त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. पुण्याचा वारा इथवर पोचला नाही. बँकेत असताना शिलाई यंत्रांसाठी कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. प्रशिक्षण वर्गांची हजेरीपत्रकेही पाहिली. पहिल्या आठवड्यात नावे भरलेली, तिसऱ्या आठवड्यात निम्मी गळालेली. यंत्रे चांगली, शिकवणाऱ्या बाईही चांगल्या. पण वर्ग सकाळी दहाला, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, शेवटची एस.टी. चुकली तर मुक्कामाला जागा नाही. स्वच्छतागृहाला कडी नाही. तान्ह्या मुलाला ठेवायचे कुठे, हा प्रश्न आराखडा करणाऱ्याच्या मनातही आलेला नाही.

बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत आज निवासाची सोय असते, हे चांगलेच आहे. मात्र त्या जिल्ह्याला एक अशा. घर आणि गुरेढोरे सोडून मुक्कामी जाणे प्रत्येकीला कुठे जमते? तिच्यासाठी गावातच चार तासांची सोय हवी. त्याला नवे बांधकामच हवे असेही नाही. दुपारी रिकामी असणारी शाळेची खोली, समाजमंदिर, एखादा जुना वाडाही चालेल. आधी बाईचा दिवस मांडावा, मग खोलीचा नकाशा काढावा.

पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठीही रमाबाई झटल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले, तोवर सेवासदन चांगले रुजले होते. दूरचित्रवाणी मालिकेमुळे, २०१२ मध्ये, त्या घरोघरी पुन्हा पोचल्या; आपण त्यांच्या संसाराची गोष्ट डोळे पुसत पाहिली. त्यांच्या दुपारच्या वर्गाचे वेळापत्रक मात्र आमच्या तालुक्यात अजून कुणी भिंतीवर लावलेले नाही.