नाते गावचे चिंतामणराव देशमुख : राष्ट्रपतिपदाच्या उंबरठ्यापर्यंत

महाडच्या नातेखिंडीतून रायगडाकडे निघालेला प्रवासी पाचाडला पोहोचण्यापूर्वी नाते गाव ओलांडतो. शिवछत्रपतींच्या राजधानीचे दर्शन घेण्याच्या ओढीने या गावी फारसे कोणी थांबत नाही. परंतु याच गावात १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झालेले सी. डी. देशमुख ते हेच. त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूकही लढविली होती, हे मात्र महाड-पोलादपूर परिसरातील नव्या पिढीला क्वचितच ठाऊक असते.

वडील द्वारकानाथ गणेश देशमुख रोह्यास वकिली करीत. आईचे नाव भागीरथीबाई. चिंतामणरावांचे बालपण रोह्याकडेच गेले. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकाविली. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला व वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविले. १९१८ साली लंडनमधील आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले. संस्कृत, वनस्पतिशास्त्र आणि राज्यकारभार अशा तिन्ही क्षेत्रांत सहज वावरणारी बुद्धिमत्ता विरळाच म्हटली पाहिजे.

मध्य प्रांत व वऱ्हाडात वीस वर्षे सरकारी सेवा केल्यावर १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर झाले. तत्पूर्वी या पदावर केवळ अभारतीय व्यक्ती बसल्या होत्या. बाजारपेठेतील प्रत्येक गल्ल्यात तेव्हापासून ज्या नव्या नोटा येऊ लागल्या, त्यांवर प्रथमच एका भारतीयाची सही होती. तो काळ सोपा नव्हता. महायुद्धामुळे महागाई भडकलेली होती. जानेवारी १९४६ मध्ये सरकारने पाचशे, हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या, तेव्हाही गव्हर्नर देशमुखच होते. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे कामही रिझर्व्ह बँकेलाच पाहावे लागले. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्याच वर्षी जूनअखेर ते पदमुक्त झाले.

१९५० साली अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिल्यावर पंडित नेहरूंनी ती धुरा देशमुखांच्या खांद्यावर सोपविली. आयुष्यभर अधिकारी म्हणून वावरलेला हा गृहस्थ १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेला. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा सर्व काळ देशाची तिजोरी त्यांच्या हाती होती. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेचे रूपांतर स्टेट बँकेत झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. जानेवारी १९५३ मध्ये, प्रथम पत्नीच्या निधनानंतर काही वर्षांनी, त्यांनी आंध्रच्या स्वातंत्र्यसेनानी व समाजसेविका दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. या नोंदणी विवाहास पंतप्रधान नेहरू साक्षीदार होते.

तीनच वर्षांनी त्याच नेहरूंशी त्यांचा तीव्र मतभेद झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय नभोवाणीवरून जाहीर केला. मुंबईत आगडोंब उसळला, पोलिसांच्या गोळ्यांनी अनेकांचे बळी घेतले. विशेष असे की, त्याच आठवड्यात, १९ जानेवारीस, आयुर्विमा व्यवसाय सरकारच्या ताब्यात घेणारा वटहुकूम निघाला. २४५ कंपन्या व संस्थांचा कारभार एका रात्रीत हाती घेण्याची ही योजना कमालीच्या गुप्ततेने आखली गेली होती आणि तिची सर्व जबाबदारी अर्थमंत्र्यांवर होती. एकीकडे आयुष्यातील सर्वांत मोठे प्रशासकीय काम आणि दुसरीकडे ज्या मराठी मतदारांनी निवडून दिले त्यांच्या रक्ताचा सडा, अशा पेचात चिंतामणराव सापडले होते.

काम अर्ध्यावर न टाकता ते काही महिने पदावर राहिले, परंतु त्यांचा निश्चय ढळला नाही. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. लोकसभेतील निवेदनात त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले : मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळाशी रीतसर विचारविनिमय न करता झाला, आणि गोळीबाराची चौकशी नाकारण्यात आली. मराठी माणसाचा अभिमान म्हणून या राजीनाम्याचे कौतुक झाले, ते योग्यच होते. परंतु त्यांचा आक्षेप केवळ प्रांताभिमानाचा नव्हता. राज्य कोणत्या रीतीने चालावे, याविषयीचा होता. त्या दृष्टीने या राजीनाम्याकडे कमी पाहिले गेले.

पद सोडल्यावर ते रिकामे बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, नॅशनल बुक ट्रस्ट, दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी, १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद अशी शिक्षण व संस्कृतीची कामे त्यांनी केली. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कालिदासाच्या ‘मेघदूता’चा मराठी पद्यानुवाद त्यांच्या नावावर आहे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगितले तर खरे वाटत नाही.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, तर पंतप्रधान इंदिरा गांधींचा कल व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे झुकला. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी देशमुखांना उभे केले. त्यांचे वय त्या वेळी ७३ वर्षांचे होते. आपल्या राज्यघटनेत राष्ट्रपतिपद मानाचे आहे. प्रत्यक्ष सत्ता मंत्रिमंडळाकडे असते. मंत्रिमंडळाचे अधिकार डावलले गेले म्हणून ज्याने मंत्रिपद सोडले, तोच मनुष्य आता मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणाऱ्या पदासाठी उभा होता. यात विसंगती मानण्याचे कारण नाही. किंबहुना अशा पदाला पक्षाबाहेरचा आणि नियम जाणणारा माणूसच शोभतो.

१६ ऑगस्ट रोजी मतदान झाले. खासदार-आमदारांच्या मतांना ठरावीक मूल्य असते. त्यानुसार पहिल्या पसंतीची गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. कोणालाच आवश्यक बहुमत न मिळाल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. देशमुखांच्या मतदारांची दुसरी पसंती बहुतांशी रेड्डींकडे गेली, तरीही ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा फरकाने गिरी विजयी झाले. भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी जाण्याचा प्रसंग आजवर तेवढा एकच आला आहे. पराभूत रेड्डी १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले. देशमुखांनी पुन्हा त्या वाटेने पाऊल टाकले नाही.

१९७४ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, १९७५ साली पद्मविभूषण मिळाले. अखेरची वर्षे त्यांनी दुर्गाबाईंसमवेत हैदराबादेत घालविली. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई निवर्तल्या. त्याच वर्षाच्या आरंभी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले होते. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, चिंतामणरावांनी हैदराबाद येथे देह ठेवला.