टायटनसाठी प्लूटो सोडला! कायपर यांच्या शोधाने ठरवली यानाची वाट

नेदरलँड्समधल्या एका खेड्यात ७ डिसेंबर १९०५ रोजी शिंप्याच्या घरी जेरार्ड कायपर यांचा जन्म झाला. पोराची नजर भलतीच तीक्ष्ण. इतरांना न दिसणारे मंद तारे त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसायचे. लायडन विद्यापीठातून १९३३ मध्ये डॉक्टरेट घेऊन त्यांनी त्याच वर्षी अमेरिका गाठली.

१९४३-४४ च्या हिवाळ्यात टेक्सासमधील मॅकडोनाल्ड वेधशाळेत ते ८२ इंची दुर्बिणीतून ग्रहांचे मोठे चंद्र एकेक करून तपासत होते. शनीच्या टायटन या चंद्राच्या प्रकाशात त्यांना मिथेन वायूच्या खुणा सापडल्या. एखाद्या चंद्राला वातावरण असल्याचा हा पहिला भक्कम पुरावा. पुढे १९४८ मध्ये युरेनसचा मिरांडा आणि १९४९ मध्ये नेपच्यूनचा नेरीड हे चंद्रही त्यांनीच शोधले. १९६० मध्ये ॲरिझोनातील टूसॉन इथं त्यांनी चंद्र आणि ग्रहांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभी केली. २४ डिसेंबर १९७३ रोजी मेक्सिको सिटीत त्यांचं निधन झालं.

१९७७ मध्ये व्हॉयेजरची दोन यानं निघाली, ती पाहायला कायपर नव्हते. पण त्यांच्या शोधानेच आखणी करणाऱ्यांपुढे पेच टाकला होता. ग्रहाजवळून जाताना त्याच्या ओढीने यानाची वाट वळते. कोणत्या बाजूने आणि किती जवळून जायचं, यावर पुढचा मुक्काम ठरतो. व्हॉयेजर-१ शनीपासून प्लूटोकडे जाऊ शकत होतं, किंवा टायटनच्या अगदी जवळून. दोन्ही जमणार नव्हतं. वातावरण असलेला चंद्र सोडायचा कसा? टायटन ठरला. तिथं व्हॉयेजर-१ फसलं असतं, तर व्हॉयेजर-२ टायटनकडे वळवावं लागलं असतं आणि युरेनस, नेपच्यून दोन्ही हुकले असते.

१२ नोव्हेंबर १९८० रोजी यान टायटनच्या केंद्रापासून सुमारे साडेसहा हजार किलोमीटरवरून गेलं. कॅमेऱ्यात नुसतं नारिंगी धुकं आलं. जमीन काही दिसली नाही. पण वातावरणातून आरपार आलेल्या रेडिओ लहरींनी काम केलं. हवेत मुख्यतः नायट्रोजन आणि जमिनीवर पृथ्वीच्या दीडपट दाब, हे कळलं.

या वाटेने व्हॉयेजर-१ ग्रहांच्या पातळीतून वर फेकलं गेलं, त्याला पुढे एकही ग्रह भेटला नाही. व्हॉयेजर-२ मात्र मोकळं झालं. १९८६ मध्ये ते कायपर यांच्या मिरांडाजवळून गेलं, १९८९ मध्ये नेपच्यूनला पोहोचलं. टायटनच्या जमिनीवर उतरायला २००५ उजाडलं, तेव्हा हायगेन्स यान तिथं उतरलं. सोडून दिलेल्या प्लूटोपाशी जायला तर २०१५ साल लागलं.